गिम्पमध्ये फोटोवर टेक्श्चर चढवणं: आठ महिने वापरल्यावर

गिम्प, म्हणजे फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर, मी आठेक महिने वापरतेय, रोज नाही पण आठवड्यातून तीन-चार रात्री तरी बसतेच. घेतलं कशासाठी तर फोटोशॉपला दर महिन्याला पैसे भरायची तयारी नव्हती आणि मला करायचं काय, तर कोकणातल्या घराच्या, माणसांच्या फोटोंवर भिंतीचं, कागदाचं, गोणपाटाचं टेक्श्चर, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागाची खरखर, चढवायचं, एवढंच. फुकट आहे म्हणून कौतुक करायचं असं मात्र नाहीये.

पहिला महिना वाया गेला. नेटवरून ढीगभर टेक्श्चर उतरवली, आजीचा पडवीतला फोटो उघडला, वर वेगळ्या लेयरवर (फोटोवर पारदर्शक कागदासारखा ठेवलेला थर) चुन्याच्या भिंतीचे पोपडे टाकले, मोड (वरचा लेयर खालच्यात कसा मिसळायचा ते) मल्टिप्लाय, ओपॅसिटी (लेयर किती गडद दिसावा ते) 70 टक्के, आणि स्वतःवरच खूश. आईला दाखवला तर म्हणाली, "अगो, फोटोला बुरशी लागली काय?" चूक तिची नव्हती. मल्टिप्लाय म्हणजे खरंच गुणाकार, दोन्ही लेयरच्या पिक्सेलचे आकडे (0 काळा, 255 पांढरा) गुणून 255 ने भागायचे, म्हणजे पांढरं असेल ते दिसेनासं होतं आणि बाकी सगळं काळवंडतं, उजळ काहीच होत नाही. स्क्रीन मोडचं बरोब्बर उलटं. मग सगळे सांगतात म्हणून ओव्हरले आणि सॉफ्ट लाइट हे मोड करून पाहिलं, बरं होतं, पण पिवळट कागद टाकला की आजीला कावीळ झाल्यासारखी दिसायची. तेव्हापासून टेक्श्चर आधी डिसॅच्युरेट करते, म्हणजे त्याचा रंग काढून टाकते, मगच पुढचं.

खरी मजा ग्रेन एक्स्ट्रॅक्ट आणि ग्रेन मर्ज या दोन मोडमध्ये आहे आणि माझ्यासाठी गिम्प टिकलं ते यांच्यामुळेच. भिंतीचा फोटो काढला की एक कोपरा उजेडात, एक अंधारात असतो, तो तसाच चढवला की ते डागही फोटोवर येतात. तर करायचं असं, भिंतीच्या लेयरची कॉपी करायची, वरच्या कॉपीला गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर) द्यायचा (माझा 24 मेगापिक्सेलचा फोटो असतो, त्याला 40 च्या आसपास चालतो), तिचा मोड ग्रेन एक्स्ट्रॅक्ट करायचा आणि मग न्यू फ्रॉम व्हिजिबल, म्हणजे जे दिसतंय त्याचा नवा लेयर. हातात येतं ते सपाट करडं चित्र, उजेड-अंधार गेलेला, फक्त खरखर उरलेली. हे फोटोवर ठेवून ग्रेन मर्ज करा. हा मोड दोन्ही आकडे मिळवून 128 वजा करतो, त्यामुळे जिथे टेक्श्चर मधलं करडं आहे तिथे फोटोला धक्काही लागत नाही, फक्त उंचवटे आणि खड्डे उतरतात. फोटोशॉपवाल्यांनी लिनियर लाइट मोड घेऊन ओपॅसिटी 50 केली की जवळपास हेच मिळतं. गिम्पचं 3.0 व्हर्जन आलं मार्च 2025 मध्ये, त्यात ब्लरसारखे फिल्टर लेयरवर तसेच जिवंत राहतात, आकडा नंतर बदलता येतो, ही सोय मोठी आहे. फक्त न्यू फ्रॉम व्हिजिबलने केलेला लेयर आपोआप बदलत नाही, तो पुन्हा करावा लागतो, हे मला दोनदा विसरून झालंय.

मास्कचं (लेयरचा नको तो भाग झाकणारा पडदा, काळं केलं तिथे लेयर दिसत नाही) म्हणाल तर चेहऱ्यावरून टेक्श्चर काढायलाच लागतं, मऊ ब्रशने मास्कवर काळं फिरवायचं. आणि मास्कऐवजी लेयरच निवडलेला असेल तर टेक्श्चरवरच काळा फराटा, हे किती वेळा केलं ते सांगत नाही.

एक गोष्ट कळायला फार उशीर झाला, उजेडाची दिशा. आजीच्या तोंडावर उजेड डावीकडून आणि मी संध्याकाळी टिपलेल्या भिंतीवर उजवीकडून. काहीतरी खटकतंय पण काय ते कळेना, पोपडे बाहेर आल्यासारखे दिसायच्याऐवजी आत दबल्यासारखे दिसत होते. शेवटी टेक्श्चर आडवं फ्लिप केलं आणि झालं की! आता भिंत टिपतानाच उजेड कुठून येतोय ते मोबाइलमध्ये लिहून ठेवते. जांभ्याचा चिरा मात्र माणसांच्या फोटोवर नको, बघायला सुंदर पण गालावर आला की देवीचे व्रण. घराच्या, पायवाटेच्या फोटोला झकास बसतो.

प्रिंटचं वेगळंच रामायण. 12 बाय 18 इंचाचा प्रिंट 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) म्हणजे 3600 बाय 5400 पिक्सेल, आणि माझी उतरवलेली टेक्श्चर निम्म्याहून लहान, ती ताणली की खरखर जाऊन नुसता चिखल. शिवाय लॅपटॉपचा ब्राइटनेस फुल्ल ठेवून काम केलेलं, प्रिंट आला तो काळाकुट्ट. लॅबवाल्याशी भांडायला निघाले होते, बरं झालं आधी ब्राइटनेस बघितला. आता स्वतः टिपलेलीच टेक्श्चर वापरते आणि ओपॅसिटी 15 ते 25 च्या वर क्वचित जाते.

कुरकुर दोनच. मेन्यू शोधण्यात पहिले काही आठवडे डोकं फिरतं. आणि सेव्ह केलं की एक्ससीएफच (गिम्पची स्वतःची, लेयर जपणारी फाइल) होते, जेपीजीसाठी एक्सपोर्ट करावं लागतं, सुरुवातीला याचा राग यायचा, पण त्यामुळेच माझे लेयर शाबूत राहिलेत. फाइली मात्र दणदणीत होतात, जुन्या लॅपटॉपवर सात-आठ लेयर झाले की पंखा गिरणीसारखा वाजतो.

अजून न जमलेलं एकच, पावसात भिंतीला धरतं ते शेवाळ. डिसॅच्युरेट केलं की त्याची गंमतच जाते आणि रंग ठेवला की माणसं हिरवी. सध्या शेवाळाचा रंग वेगळ्या लेयरवर घेऊन बघतेय, कुणाला जमलं असेल तर सांगा.