तादाहिरो: बापाची तलवार की मुलाची?

जपानी तलवारीच्या मुठीआडच्या पोलादावर ‘तादाहिरो’ कोरलेलं असलं, तरी जपानच्या हिझेन प्रांतात तलवारी घडवणाऱ्या बापाने आणि मुलाने, दोघांनीही हे नाव वापरलं, हे आधी लक्षात घ्यावं.

बाप बहुतेक कारकीर्दभर तादायोशी म्हणूनच सही करायचा. १६२४ साली ‘मुसाशी दाइजो’ किताब मिळाल्यावर तो तादाहिरो झाला आणि १६३२ मध्ये वारला. मुलाला ‘ओमी दाइजो’ १६४१ मध्ये मिळाला. तो १६९३ पर्यंत जगला आणि त्याने काम उदंड केलं. म्हणून नुसतं तादाहिरो, किताब नाही, असं दिसलं की माझा कौल मुलाकडे.

सही कुठल्या बाजूला आहे, याने पिढी ठरत नाही. कतानावर, म्हणजे लांब जपानी तलवारीवर, ती नेहमीच्या उलट बाजूला कोरायची रीत दोघांचीही.

नकली सह्या या घराण्याच्या नावावर भरपूर आहेत. त्यामुळे छिन्नीचा प्रत्येक घाव खात्रीच्या नमुन्याशी ताडून बघा, मग पातं बघा: बारीक, दाट कणांचं पोलाद आणि धारेलगत संथ, सरळ पांढरी रेघ. ती रेघ मुलाने फार सुंदर साधली आहे. आणि कृपा करून सहीवरचा जुना गंज घासू नका, वयाचा पुरावा तोच आहे.