क्यूबातल्या हवानात राहायचं कुठे, कासा की सरकारी हॉटेल?

ताई, तुम्ही दोन्हीत अडकलात म्हणून लिहितोय. कासा म्हणजे लोकांच्या राहत्या घरातली खोली, १९९७ पासून कायदेशीर, दारावर निळ्या नांगरासारखी खूण असते.

खर्चात कासाच स्वस्त. आणि पैसे थेट त्या घरात जातात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण १९६२ पासून क्यूबावर अमेरिकेची व्यापारबंदी आहे आणि रेशनचा पाव सप्टेंबर २०२४ मध्ये ८० ग्रॅमवरून ६० वर आणला, मुठीत मावेल एवढा, म्हणजे तुमच्या नाश्त्याच्या ताटातली अंडी नि पाव त्या घरच्या मावशींनी कुठेतरी रांग लावून किंवा महागात विकत आणलेले असतात. मोठ्या हॉटेलांचा पैसा बराचसा लष्कराच्या कंपन्यांकडे जातो.

विजेत मात्र हॉटेल सरळ पुढे, जनरेटर असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर अख्ख्या बेटाची वीज गेली होती. कासात इन्व्हर्टर आणि पाण्याची टाकी आहे का ते बुक करण्याआधी विचाराच.

अमेरिकन बँकेचं कार्ड दोन्हीकडे चालत नाही, रोख युरो न्या.

सोबत आईबाबा असतील, औषध फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर हॉटेल घ्या. तुम्ही दोघंच असाल आणि माणसांशी बोलायचं असेल तर कासाच.