टोकियो, सॅन सेबॅस्टियन की लिमा? केवळ जेवणासाठी प्रवास करणाऱ्यांसाठी

उत्तम जेवणासाठी परदेशी जायचे ठरवले की प्रथम याद्या समोर येतात, आणि त्या परस्परांशी जुळत नाहीत. ‘मिशलिन’ या फ्रेंच उपाहारगृह-मार्गदर्शिकेचे निरीक्षक आपली ओळख न देता जेवून जातात आणि एक ते तीन तारे देतात; त्या ताऱ्यांच्या हिशेबात टोकियो जगातील सर्व शहरांच्या पुढे आहे. ‘वर्ल्ड्स ५० बेस्ट’ ही उपाहारगृहांची यादी २००२ पासून जाणकारांच्या मतदानावर ठरते, आणि तिथे पेरूची राजधानी लिमा येथील ‘सेंत्राल’ २०२३ मध्ये, तर ‘माइदो’ २०२५ मध्ये पहिले आले.

टोकियोचे खरे वैभव एकाच पदार्थाला वाहून घेतलेल्या लहान दुकानांत आहे. तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवलेले मासे वा भाज्या, तळणारा तेम्पुराच तळतो, सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, करणारा सोबाच करतो, आणि आठ-दहा जण बसतील एवढ्याच फळीपलीकडे उभा राहून सुशी वळणारा आचारी प्रत्येक घास थेट तुमच्या पुढ्यात ठेवतो. जागा इतक्या थोड्या असल्यामुळे नामांकित ठिकाणी कित्येक आठवडे आधी आरक्षण करावे लागते. मात्र त्यांपैकी अनेक ठिकाणी दुपारचे जेवण रात्रीच्या मानाने बरेच स्वस्त पडते, म्हणून मी दुपारच सुचवीन.

स्पेनच्या बास्क प्रांतातील सॅन सेबॅस्टियनची वस्ती दोन लाखांच्याही आत आहे. तरीही ‘आर्साक’ आणि ‘आकेलारे’ ही तीन ताऱ्यांची दोन उपाहारगृहे या शहरात असून ‘मार्टिन बेरासातेगी’ हे तिसरे शेजारच्या लासार्ते गावात आहे. तथापि या शहराची गोडी मला जुन्या पेठेतच अधिक वाटते. तिथे एका बारमध्ये उभ्याउभ्याच एखाद-दुसरा पिंचो, म्हणजे घासभर छोटा पदार्थ, खाऊन पुढच्या बारकडे वळण्याची रीत आहे, आणि ऑलिव्ह, अँचोव्ही व लोणच्यातली मिरची एका काडीला टोचलेली ‘हिल्दा’ खाल्ल्यावर थोडक्या पैशांतही किती नेटके खाता येते, ते कळते. हाताशी चारच दिवस असतील, तर मी निःशंकपणे हेच शहर निवडीन.

लिमाचा प्रवास भारतातून फार लांबचा आहे. समुद्रापासून अँडीजच्या उंचीपर्यंतच्या निरनिराळ्या पातळ्यांवरील पिके ताटात मांडणारे ‘सेंत्राल’ पाहण्याची ओढ असेल, तरच तो पत्करावा.

शाकाहारी वाचकांना मात्र ही तिन्ही शहरे जड जातील. जपानी सार म्हणजे दाशी, आणि तिच्यात बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस असतो, त्यामुळे वरवर भाजीच दिसणारा पदार्थही निर्धोक नसतो; बौद्ध मठांतील शाकाहारी जेवण ‘शोजिन र्‍योरी’ हा तिथला भरवशाचा पर्याय. शाकाहारी वाचकांसाठी दुबई अधिक सोयीची आहे, कारण २०२५ मध्ये तीन तारे मिळवणारे जगातील पहिले भारतीय उपाहारगृह, ‘त्रेसिंद स्टुडिओ’, तिथेच आहे आणि शाकाहारी जेवणाचीही तिथे स्वतंत्र मांडणी असते.