जुना सर्व्हर, नवे पीसी: विंडोज १० ठेवावं की ११ घ्यावं?

ऑफिसात वीस-पंचवीस पीसी, कोपऱ्यात दहा-पंधरा वर्षांचा सर्व्हर आणि नव्या मशीनवर विंडोज ११. अशा ठिकाणांहून मला एकच प्रश्न येतो: "हे आपल्या डोमेनला जोडलं जाईल ना?" डोमेन म्हणजे सगळ्या पीसींची लॉगिनं आणि परवानग्या एका सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था, आणि याचं उत्तर पीसीपेक्षा सर्व्हरवर जास्त ठरतं. म्हणून खरेदीआधी सर्व्हरसमोर बसा आणि तो विंडोज सर्व्हर २००३ आहे, २००८ आर२ आहे की लिनक्सवरचा सांबा (विंडोज सर्व्हरचं काम करणारं सॉफ्टवेअर), ते बघून घ्या.

२००८ आर२ किंवा त्यानंतरचा असेल, तर जोडणीपुरतं १० आणि ११ सारखेच. फक्त प्रो किंवा त्यावरची आवृत्ती हवी. होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, आणि दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर अनेकदा तीच असते. हे सर्व्हर एसएमबी २ (नेटवर्कवर फाइल देवाणघेवाणीची पद्धत) वापरतात, त्यांच्या केर्बरॉसला (लॉगिन तपासणारी यंत्रणा) एईएस हे आजचं एन्क्रिप्शन कळतं, त्यामुळे ११ च्या २४एच२ या अपडेटमध्ये सक्तीची झालेली एसएमबी साइनिंगही (प्रत्येक संदेशावर खातरजमेची सही) त्यांना झेपते. तरीही अडलं तर आधी पीसीतली डीएनएसची (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) सेटिंग तपासा. तिथे राउटरचा किंवा ८.८.८.८ हा पत्ता टाकलेला असतो. हवा असतो डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरचा. घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक नको. आणि जुन्या पीसीचं नाव नव्याला देऊ नका: ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा बदलानंतर, त्या नावाचं खातं दुसऱ्याच कुणी तयार केलेलं असेल तर जोडणी नाकारली जाऊ शकते.

सर्व्हर २००३ असेल तर मात्र दोन्ही विंडोज अडतात. तो फक्त एसएमबी १ जाणतो, आणि आजच्या १० आणि ११ च्या प्रो आवृत्त्यांमध्ये एसएमबी १ आपोआप येत नाही. ते नसेल तर डोमेनशी बोलणंच होत नाही. ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून पीसींना लागणारे नियम) आणि लॉगऑन स्क्रिप्टही (लॉगिन होताच चालणाऱ्या सूचना) त्याच वाटेने येतात. विंडोज फीचर्सच्या यादीतून ते चालू करता येतं, पण मी ते सुचवणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो एसएमबी १ मधल्याच त्रुटीतून, आणि २००३ ला मायक्रोसॉफ्टचा आधार (सुरक्षा अपडेट) तर जुलै २०१५ मध्येच संपलेला होता. एका पतसंस्थेत मी स्वतः एसएमबी १ "आठवड्यापुरतं" चालू करून दिलं होतं. तीन वर्षांनी गेलो तेव्हा प्रत्येक पीसीवर ते तसंच चालू होतं. लोकांच्या ठेवींचा हिशेब त्याच नेटवर्कवर होता, याची मला अजून खंत वाटते. अगदी नाइलाज असेल तर फक्त 'क्लायंट'वर टिक करा, 'सर्व्हर'वर नको, आणि ते बंद करायची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.

सांबाचं जुनं, एनटी ४ (नव्वदीतलं विंडोज) पद्धतीचं डोमेनही याच पंगतीतलं. त्यालाही एसएमबी १ लागतं, वर प्रत्येक पीसीच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) दोन बदल करावे लागतात. इथे एक चांगली सोय आहे: सांबा ४ मधल्या 'क्लासिकअपग्रेड'ने तेच डोमेन अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे विंडोज डोमेनच्या आजच्या पद्धतीत, नेता येतं. डोमेनची मूळ ओळख तशीच राहते, त्यामुळे वापरकर्त्यांची प्रोफाइलंही टिकतात.

मग १० वरच राहावं का? त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर्षभर वाढीव सुरक्षा अपडेट देणारी घरगुती योजना डोमेनला जोडलेल्या पीसींना लागू नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. ऑफिससाठी व्यावसायिक योजना घ्यावी लागते: पहिल्या वर्षी प्रति पीसी ६१ डॉलर, दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. वीस पीसींचा हिशेब मांडून पाहा, एवढ्या पैशात नव्या सर्व्हरची चांगली सुरुवात होते. १० ठेवण्याचं मला पटणारं कारण एकच: डॉसच्या काळातलं पगाराचं किंवा बिलांचं सॉफ्टवेअर. ३२ बिटच्या १० वर ते चालतं. ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, तिथे ते उघडतच नाही. त्यासाठी एकच पीसी ठेवा आणि त्याला इंटरनेट देऊ नका.

११ साठी टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. २४एच२ आल्यावर जुनी नॅस (नेटवर्कवरची फाइल साठवण्याची पेटी) आणि पासवर्डशिवाय उघडणारे शेअर्ड फोल्डर रुसतात, त्यांची तपासणी आधीच करा.

माझा कौल ११ घेऊन सर्व्हर बदलण्याकडे आहे, पण आधी सर्व्हर. २००८ आर२ च्या डोमेनमध्ये नवा सर्व्हर २०२२ थेट जोडून तिकडे जाता येतं. फंक्शनल लेव्हल (डोमेन कोणत्या सर्व्हर आवृत्तीच्या नियमांनी चालतं ती पातळी) किमान २००८ हवी आणि सिसव्हॉल (ग्रुप पॉलिसी आणि स्क्रिप्टचं फोल्डर) सर्व्हरांमध्ये कॉपी करण्याच्या जुन्या एफआरएस पद्धतीवरून नव्या डीएफएसआरवर आणलेला हवा. २००३ वरून थेट उडी नाही, मध्ये २०१२ आर२ किंवा २०१६ चा टप्पा घ्यावा लागतो. २०२५ घ्यायचा असेल तर फंक्शनल लेव्हल २०१६ ची लागते. सर्व्हर बदलला की एकच ११ चा पीसी जोडा, हिशेब बघणाऱ्यांच्या टेबलावर ठेवा, आणि आठवडाभर प्रिंट, शेअर्ड फोल्डर आणि पासवर्ड बदलणं नीट चालतंय का ते पाहून मगच उरलेल्यांची ऑर्डर द्या.