बुडबुड्याचा उजेड मोजायला ट्यूब की चिप?

ध्वनिलहरींनी पाण्यात अडकवलेला बुडबुडा दर लहरीला आकसून क्षणभर चमकतो; याला सोनोल्युमिनेसन्स म्हणतात. फ्लास्क सुरात लागला (म्हणजे आवाज त्यात घुमू लागला), पाण्यातली हवा काढून झाली, मधोमध एकटा बुडबुडा निळसर चमकू लागला, की पुढचा प्रश्न येतोच: हा उजेड मोजायचा कशानं? एकेक फोटॉन (प्रकाशकण) टिपणारी जुनी फोटोमल्टिप्लायर ट्यूब की तेच काम करणारी नखाएवढी चिप, म्हणजे सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर? मी दोन्ही वापरून पाहिलेत.

ट्यूबचा मान मोठा आहे. स्टुटगार्टच्या गटानं १९९७ मध्ये एकेक फोटॉन टिपून या लखलखाटाची लांबी साधारण ६० ते २५० पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) ठरवली, तीही अशाच नळ्यांच्या भरवशावर. शिवाय उजेडाचा जोर अतिनीलाकडे चढत जातो आणि क्वार्ट्झच्या खिडकीची ट्यूब तिथवर पाहू शकते. मात्र फ्लास्क साध्या काचेचा असेल, तर त्यातलं बरंचसं अतिनील काचेतच अडकतं.

मला नडलं ते वेगळंच. बुडबुडा मरतो. कधी आवाजाचा दाब जरा जास्त होतो, कधी पाण्यात हवा परत मुरते. नवा सोडायचा म्हणजे बाहेरचा उजेड अडवणारा डबा उघडणं आलं, आणि ट्यूबवर हजारभर व्होल्ट असताना खोलीतला उजेड तिच्यावर पडून चालत नाही. व्होल्टेज उतरवा, झडप लावा, सिरिंजनं थेंब टाका, बुडबुडा शोधा, झाकण लावा, व्होल्टेज चढवा, ट्यूब शांत होईपर्यंत थांबा. एका संध्याकाळी अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी व्होल्टेज उतरवायचं विसरलो. ट्यूब वाचली, पण बरेच दिवस अंधारातही काहीबाही मोजत होती.

चिपला एवढे सोवळे नाही. तीसेक व्होल्टवर चालते, झाकण उघडलं तरी बिघडत नाही. अंधारातही ती सेकंदाला लाखांनी खोटे ठोके (फोटॉन नसतानाची मोजणी) देते, हे खरं. पण २५ किलोहर्ट्झला बुडबुडा दर ४० मायक्रोसेकंदांनी ठरल्या वेळीच चमकतो. तेवढेच १०० नॅनोसेकंद मोजले, की दर लखलखाटाच्या डझनावारी फोटॉनांपुढे खोट्या ठोक्यांचा त्रास उरत नाही.

फसवलं तिनंही. पाणी गार केलं की उजेड वाढतो, म्हणून दोन दिवस खूश होतो. त्या वाढीत थोडा वाटा गारठलेल्या चिपचा निघाला; गार झाली की ती तोच उजेड जास्त दाखवते. आता तिला फ्लास्कपासून जरा लांब ठेवतो आणि पाठीला तापमान सांगणारा थर्मिस्टर चिकटवतो.

क्वार्ट्झचा फ्लास्क असेल, वर्णपट हवा असेल, तर ट्यूबच घ्यावी असं वाटतं. ज्यांचा बुडबुडा तासभर टिकतो, त्यांना माझी तक्रार क्षुल्लक वाटेल. माझा पंधरा मिनिटांच्या वर टिकत नाही. ट्यूब सध्या काळ्या कापडात गुंडाळून कपाटात आहे.