एचडब्ल्यूएचची लेव्हलिंग सिस्टीम: गळती लागली तर काय बदलावं आणि काय बदलू नये

अमेरिकेत जुनं मोटरहोम बघायला गेलं की उभ्या गाडीला समपातळीत ठेवणाऱ्या जॅकजवळ लाल तेलाचा ओघळ हमखास दिसतो. विकणारा म्हणतो, किरकोळ आहे. वर्कशॉपवाला म्हणतो, जॅक गेला, नवा टाका. एचडब्ल्यूएचची सिस्टीम असेल तर दोघांचंही लगेच खरं मानू नका. आयोवातल्या मॉस्को गावच्या या कंपनीचे हायड्रॉलिक जॅक विनेबागो, न्यूमार अशा अनेक गाड्यांवर बसलेले आहेत. दुरुस्तीच्या दृष्टीने ही बाजारातली सगळ्यात समजूतदार रचना आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण साधं आहे: सगळे सुटे भाग वेगवेगळे काढता येतात, आणि गळती बहुतेकदा जॅकमध्ये नसून जोडात किंवा होजमध्ये (तेलाच्या लवचिक नळीत) असते. नव्या जॅकला शेकडो डॉलर पडतात, ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, चिल्लर पैशांत मिळते.

रचना थोडक्यात अशी. १२ व्होल्टची मोटर, तिला जोडलेला पंप, तेलाची टाकी, सोलेनॉइड (विजेवर चालणाऱ्या) व्हॉल्व्हचा ब्लॉक, आणि तिथून प्रत्येक जॅककडे जाणारी एकच होज. जॅक एकेरी आहेत: तेल दांडा खाली ढकलतं, वर ओढायचं काम स्प्रिंगांचं. किक-डाऊन प्रकारचा जॅक प्रवासात आडवा पडलेला असतो आणि वापरताना उभा होतो. स्ट्रेट-ॲक्टिंग कायम उभाच. क्षमता ४,००० पासून १६,००० पौंडांपर्यंत. दाब ३,००० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर जातो, म्हणून पुढचं वाक्य जपून वाचा. गळती हाताने चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडीतून आत शिरते, आणि वरून नुसता ठिपका दिसला तरी ती शस्त्रक्रियेची केस असते. तसं झालंच तर तडक इमर्जन्सी गाठा. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा, तेल त्यावर उमटेल.

दुसरी गोष्ट, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. एक ओ-रिंग फाटली की काही टन वजन खाली येतं. एअर सस्पेन्शन असेल तर हवा सुटल्यावरही गाडी बसते. चेसिसखाली वजनाला पुरतील असे स्टँड, चाकांना अडण्या, मग काम.

आता शोध. तेल चेसिसच्या कडेने वाहत जातं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं, त्यामुळे टपकण्याची जागा आणि गळतीची जागा एक नसते. ब्रेक क्लीनरने ब्लॉक, फिटिंग आणि जॅकचा वरचा भाग स्वच्छ पुसून काढा, वाळू द्या, वर टाल्कम पावडर फवारा. जॅक पूर्ण खाली करून अर्धा तास थांबा. पावडर जिथे आधी ओली होईल ती तुमची जागा. पाझर फारच मंद असेल तर तेलात यूव्ही डाय घालून निळ्या टॉर्चने बघा, पण बहुतेक वेळा पावडरीवरच भागतं.

फिटिंग उघडण्याआधी एक खोटी गळती बाद करा. जॅक खाली असताना कुणी टाकी काठोकाठ भरली असेल, तर जॅक वर घेताना परत आलेलं तेल झाकणातल्या ब्रीदरमधून (हवेच्या छिद्रातून) बाहेर सांडतं. टाकीच्या भोवती तेल, बाकी सगळं कोरडं, असं दिसलं तर भाग बदलायची गरज नाही. पातळी नेहमी सगळे जॅक आणि हायड्रॉलिक स्लाइड (गाडीचे बाहेर सरकणारे भाग) आत असतानाच बघायची. तेल टाकीच्या तोंडापासून साधारण इंचभर खाली हवं.

फिटिंगच्या कामात सगळ्यात जास्त गोंधळ आट्यांचा होतो. पाव इंची होजला लागणारे ७/१६-२० (७/१६ इंच व्यास, इंचाला २०) हे आटे तीन वेगळ्या फिटिंगवर सापडतात: ३७ अंशांच्या उतरत्या कडेची जेआयसी, ४५ अंशांच्या कडेची एसएई फ्लेअर आणि रबरी रिंगवर बंद होणारी ओ-रिंग बॉस. तिन्ही हाताने छान फिरतात. हार्डवेअरच्या दुकानातलं ४५ अंशाचं पितळी फिटिंग ३७ अंशांवर बसवलं की ते एका बारीक रेषेवरच टेकतं. मग गळती थांबावी म्हणून माणूस पाना आणखी आवळतो, आणि फ्लेअर चिरतो. जुनं फिटिंग खिशात घालून हायड्रॉलिकच्या दुकानात जा, अंदाजाने आणू नका. आवळण्याचा नियमही ठरलेला आहे: नवी होज असेल तर हाताने घट्ट केल्यावर नटाच्या दोन बाजू, म्हणजे एकतृतीयांश फेरा, जुनीच परत लावत असाल तर एक बाजू. फिटिंगला दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर होजला पीळ बसतो. टेफ्लॉन टेप यातल्या कुठल्याही जोडावर लावायचा नाही. त्याचा कपटा सुटला तर तो थेट व्हॉल्व्हच्या सीटखाली जाऊन बसतो.

ओ-रिंग बॉसला या मापात एएस५६८-९०४ नंबरची रिंग लागते, नायट्राइल रबराची, ९० ड्युरोमीटर कठीणपणाची. साध्या पेटीतली ७० ची मऊ रिंग एवढ्या दाबाखाली फटीत दाबली जाऊन कुरतडते, आणि ईपीडीएम रबराची तर खनिज तेलात फुगतेच. रिंगला तेलाचं बोट लावून बसवा.

होज जिथे चेसिसच्या धारेवर घासते किंवा एक्झॉस्टजवळून जाते तिथे हमखास बारीक तडे असतात. ॲरिझोना-टेक्सासच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाड्यांत तर वरचं आवरणच पापुद्र्यासारखं निघतं. नवी होज पार्करसारख्या दुकानाच्या काउंटरवर समोर क्रिंप करून (टोकांना फिटिंग दाबून बसवून) मिळते, आणि ही सेवा आम्हाला मोटरहोमच्या डीलरपेक्षा कितीतरी सरस वाटते. मागताना नेमकं मागा: पाव इंची, १००आर८ किंवा १००आर२ (हे होजचे प्रमाणित प्रकार), ५,००० पीएसआय. दिसायला हुबेहूब असणारी १००आर७ याच मापात जेमतेम ३,००० च्या आसपास चालते, ती नको. बसवताना वळण ४ इंच त्रिज्येपेक्षा लहान ठेवू नका आणि घासणाऱ्या जागी जाड रबरी बाही चढवा. होज सोडण्याआधी सगळे जॅक आत घ्या, दाब काढा, आणि जेआयसी-४ (म्हणजे पाव इंची) मापाची कॅप व प्लग हाताशी ठेवा, नाहीतर टाकी जमिनीवर रिकामी होते.

जॅकच्या दांड्यावरच तेलाचं कडं दिसत असेल तर सील गेलं. तरी आधी दांडा बघा. पुसून त्यावरून नख फिरवा. मिशिगन-ओहायोकडच्या रस्त्यांवरच्या मिठाने क्रोमवर खड्डे पडतात; नख अडकलं तर नवं सील घालून उपयोग नाही, ते खड्डे त्यालाही खातील. अशा वेळी दांडा री-क्रोम किंवा नवा जॅक, हे दोनच रस्ते. दांडा गुळगुळीत असेल तर शेतीची, बांधकामाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या सिलिंडरच्या दुकानात जॅक द्या. स्प्रिंगा ताणलेल्या असतात आणि सुटल्या तर हात मोडतो, म्हणून त्या काढायचं अवजार नसेल तर हे घरी करू नका. स्वतः सील घालणार असाल तर ते कोमट तेलात बुडवून मऊ करा, काजूच्या आकारात दुमडून आत सोडा आणि यू-कपची (यू आकाराच्या सीलची) ओठांची बाजू दाबाकडे ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने ढोसलेलं सील पहिल्याच दिवशी पाझरतं. वायपर सीलही त्याच वेळी बदला. धूळ अडवायचं काम त्याचंच आहे.

बाहेर थेंबही नाही, पण रात्रीत एक कोपरा खाली बसतो? मग गळती व्हॉल्व्हमधून टाकीकडे आहे. त्या जॅकची होज ब्लॉकवर शेजारच्या होजशी अदलाबदल करा. आता दुसरा कोपरा बसू लागला तर व्हॉल्व्ह दोषी. बऱ्याचदा सीटखाली कचऱ्याचा कण असतो आणि व्हॉल्व्ह काढून स्वच्छ केल्यावर काम होतं. मात्र थोडं बसणं स्वाभाविक आहे: तेल दर सेल्सिअस अंशामागे सुमारे ०.०७ टक्के आकसतं, म्हणजे २० अंशांनी थंड झाल्यावर १० इंचांच्या तेलाच्या स्तंभामागे साडेतीन मिलिमीटर. कोलोरॅडोच्या डोंगरात तेवढ्यासाठी व्हॉल्व्ह बदलू नका.

तेल डेक्सरॉन एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा कंपनीचं स्वतःचं. ब्रेक फ्लुइड आणि बाटली-जॅकचं तेल कंपनी स्पष्ट नाकारते, कारण त्याने सीलं खराब होतात. जोड पुन्हा बसले की जॅक दोन-तीनदा पूर्ण खाली-वर करा, टाकीतला फेस बसू द्या, मग पातळी भरा. मोटर एका दमात फार वेळ चालवू नका, ती तापते.

कंपनीच्या बाजूने सांगायचं तर मॅन्युअलं वेबसाइटवर फुकट आहेत आणि त्यांत तेलाचे मार्ग, वायरिंग, दोष शोधायचे तक्ते असं सगळं आहे. या धंद्यात इतकी मोकळीक कमी दिसते. बिघाडात जॅक आत घ्यायला व्हॉल्व्ह हाताने उघडायची सोयही आहे, फक्त उघडताना अंग आणि हात गाडीखाली नको, ती तत्काळ खाली येते. उणं काय? सिस्टीमच्या इतक्या पिढ्या आहेत की जॅकवरचा आणि पंपावरचा नंबर हातात नसताना भाग मागवणं व्यर्थ. किक-डाऊनच्या बिजागरीत चिखल साचतो, तिकडे लक्ष लागतं. दांड्याला ग्रीस फासू नका, रेती चिकटते; हलकं सिलिकॉन फवारून कोरड्या फडक्याने पुसा.

जुनी गाडी घेताना जॅक पूर्ण खाली करायला लावा, चार दांड्यांवरून नख फिरवा, एक तासाने कोपरे पुन्हा मोजा. जोड ओले पण दांडे स्वच्छ असतील तर सौदा करा आणि किमतीतून दोन होजचे पैसे कापा. दांड्यांवर खड्डे असतील तर चार नव्या जॅकांचा हिशोब धरूनच बोला.