सेकंड हँड केबिन बोट घेतली, वाशिष्ठीत फिरवली आणि भाटीवर (उथळ वाळूच्या दांड्यावर) बसवली

तर शेवटी घेतली. बावीस फुटी फायबरची केबिनवाली मोटरबोट, सेकंड हँड, मागे ११५ हॉर्सपॉवरचं फोर स्ट्रोक इंजिन, साडेनऊ लाख आणि मुंबईहून दाभोळ खाडीकाठच्या धोपाव्यापर्यंत ट्रेलरवरून आणायचा खर्च वेगळा. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाहीये, त्यामुळे हे वाचणाऱ्या नातेवाईकांनी कृपया तोंड बंद ठेवावं.

पहिली मोठी फेरी दाभोळ खाडीतून वाशिष्ठीने वर चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत. कागदावर हा राष्ट्रीय जलमार्ग २८ आहे, २०१६ च्या कायद्यातला, साधारण ४५ किलोमीटर, पण राष्ट्रीय शब्द ऐकून हायवेसारखं काही डोळ्यासमोर आणू नका, इथे वाळूचे दांडे पावसाळ्यात जागा बदलतात आणि मागच्या वर्षी खोल होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. म्हणून शेजारच्या नानांना बरोबर घेतलं. चाळीस वर्षं तांडेलकी केलेला, म्हणजे मच्छीमार बोट चालवलेला माणूस. बाकी मी, ही आणि भाचा.

नानांनी बोट बघून पहिला प्रश्न विचारला, "बुडते किती?" मी हॉर्सपॉवर सांगितली. ते म्हणाले, ते नाय विचारलं, पाण्याखाली किती जाते? ते मला माहीतच नव्हतं. नंतर मोजलं, इंजिन खाली असताना पावणेतीन फूट, उचललं की दीड. दुसरा प्रश्न, "बांबू कुठाय?" मी हसलो, म्हटलं नाना स्क्रीनवर खोली दिसते, आणि बांबूने फायबरला ओरखडे पडतील. तेही हसले. तेव्हा वाटलं की आम्ही एकाच गोष्टीवर हसतोय.

त्या दिवशी वद्य द्वितीया. नाना तिथीची पाऊणपट करतात, दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे पूर्ण भरती दुपारी दीडला. मोबाईलमधलं ॲप दहा मिनिटं मागेपुढे तेच म्हणत होतं. साडेदहाला निघालो, भरतीचं पाणी पाठीशी घेऊन. धक्क्यापाशी आधी फेरीबोटीला जाऊ दिलं, २००३ पासून दाभोळ धोपावे गाड्या ने-आण करतेय, तिच्या वाटेत जायचं नाही हे नाना न सांगताही कळत होतं.

इंजिनबद्दल वाईट बोलायला जागा नाही. एका चावीत सुरू, आवाज इतका कमी की मागे बसूनही नॉर्मल बोलता येतं. साडेतीन हजार आरपीएमच्या पुढे गेलात की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आधी वर उचलते, क्षणभर समोरचं काही दिसत नाही, आणि मग बोट पाण्यावर सपाट बसते आणि जे काही पळते ना, त्या पाच मिनिटांत साडेनऊ लाख वसूल झाल्यासारखे वाटले. पण पेट्रोल! जोरात चालवली तर किलोमीटरला लिटरच्या आसपास पिते, आणि खाडीत पंप नाही, कॅन भरून गाडीतून आणायचे आणि धक्क्यावर ओतायचे, अख्ख्या बोटीला वास. शिवाय जोरात चालवायला मिळतंच कुठे, वाटेत डोल जाळी लावलेली, तिसऱ्या (शिंपले) काढणाऱ्यांच्या छोट्या होड्या, तुमच्या लाटेने त्यांच्यात पाणी जातं. तिथे हळूच जायचं. एकदा विसरलो तर एका बाईंनी पाण्यातून जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही, आणि त्या बरोबर होत्या.

गोवळकोटला पोचेपर्यंत पाणी काठोकाठ. वर नदीत कोयनेचं अवजल, म्हणजे वीज बनवून सोडलेलं पाणी, येतं त्यामुळे इथलं पाणी बरंच गोडं लागतं, इंजिन तेवढंच आतून धुतलं जातं. भाकरी, सुकटीची चटणी, सोलकढी, मग नानांची जरा पडी. इथे चूक झाली. नाना उठून दोनदा म्हणाले चला, पाणी फिरलं, आणि मी पठ्ठ्या फोटो काढतोय. निघेपर्यंत चार.

येताना पाणी भराभर उतरत होतं. पण माझं लक्ष खोलीच्या स्क्रीनवर, ती चौदा फूट दाखवतेय, वर मोठमोठे मासे पण जातायत, भाचा ओरडतोय "मामा, हा बघ केवढा!" मालदोलीच्या अलीकडे नाना म्हणाले पाण्याचा रंग बघ, डावीकडे नको. मी स्क्रीनकडे बोट दाखवलं, आणि त्याच क्षणी खालून खर्रर्र असा आवाज आला आणि आम्ही थांबलो. भाटीवर. स्क्रीनवर अजूनही चौदा फूट आणि मासे आपले मजेत.

मग मेनू उघडून बघितला तर मशीन सिम्युलेटर मोडवर. म्हणजे दुकानात शोसाठी जे खोटं पाणी आणि खोटे मासे दाखवतात ते. खालच्या सेन्सरची वायर तर कापलेली निघाली. विकणाऱ्याने "सगळं एकदम चालू" म्हणत हीच स्क्रीन मला अभिमानाने दाखवली होती आणि मी पण वा वा केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो फोन उचलत नाही. इलेक्ट्रॉनिक्सला शून्य मार्क.

ओहोटीत बसलेली बोट ढकलून निघत नाही, आणि खाली उतरायचा प्रश्नच नव्हता, समोरच्या चिखलावर दोन मगरी आल्या होत्या. भरतीला काठ बुडालेले असतात म्हणून जाताना एक दिसली नव्हती. नाना म्हणाले, "पाय खाली घालू नका कोणी, पाहुणे बसलेत." पाच वाजता बसलो ते साडेदहाला तरंगलो.

आता केबिन. विकत घेताना मी तिला फालतू खर्च समजत होतो, वाकून आत जावं लागतं, पहिल्या तासात दोनदा डोकं आपटलं. पण अंधार पडल्यावर कांदळवनातून डास जे आले, बाप रे. चौघेही आत, झडपेला जाळी, पुढच्या निमुळत्या गादीवर ही आणि भाचा झोपलेसुद्धा. बोटीचा तळ खाली निमुळता असल्यामुळे ती एका बाजूला कलली, शेगडीवरचं चहाचं भांडं हातात धरून ठेवावं लागलं, पण कोरा चहा झाला. छोटं पोर्टेबल टॉयलेट आहे, त्याबद्दल हिने नंतर "ही एक गोष्ट अकलेने घेतलीस" म्हटलं. केबिनला दहापैकी नऊ, एक डोक्याच्या टेंगळाचा कापला.

परत येताना सुकाणू नानांकडे. चांदणं होतं, बोट अगदी हळू, नाना मध्येच इंजिन न्यूट्रल करून नुसतं पाणी बघायचे. धोपाव्याला एक वाजला. या सगळ्या वेळात ते मला एक शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी इंजिनाच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची जी धार पडते ती बारीक झालेली, वाळू आत गेलेली. हर्णैहून मेकॅनिक आला, इम्पेलर, म्हणजे ते पाणी खेचणारं रबरी चक्र, बदलला. तळाला फक्त ओरखडे, फायबर जाड आहे, त्या बाबतीत पैसे वाया गेले नाहीत.

घ्यायची का असं दोघातिघांनी विचारलंय. केबिनवाली घ्या, पण पन्नास-साठच्या इंजिनात भागत असेल तर खाडीसाठी भागवा, आणि विकणाऱ्याला बोट पाण्यात उतरवून दाखवायला सांगा, खोलीची स्क्रीन बंद करून परत चालू करायला लावा. मी नवीन सेन्सर अजून बसवलेला नाही. नानांनी बारा फुटी बांबूला फुटाफुटावर लाल रंगाचे पट्टे मारून दिलेत, तो उजव्या कठड्याला बांधलाय. ही त्याच्यावर टॉवेल वाळत घालते.